रिकाम्या पाण्याचे पाच आठवडे

आमच्या हॉलमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी पाच आठवडे नुसतं उभं होतं. त्यात मासा नव्हता, शेवाळं नव्हतं, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्यासुद्धा नव्हता. आणि मी रोज रात्री कर्जत लोकलमधून उतरून, पर्स खांद्यावरच, त्या पाण्याची तब्येत बघायला धावत होते. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईंनी पाणी पाळलंय." त्यांनी थट्टेत म्हटलेलं ते वाक्य आता मी ज्याला त्याला ऐकवते, आणि त्या म्हणतात, माझं वाक्य ढापलंस.

सुरुवात एका रिटर्न गिफ्टपासून झाली. दिवाळीच्या जरा आधी लेकीच्या वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता. दरवेळी पेन्सिलींचा सेट नाहीतर डबा मिळतो; यावेळी रबरबँड लावलेली पिशवी आणि आत बोटाएवढा केशरी मासा! दुसऱ्याच दिवशी मी एका दुकानातून काचेचा गोल बाऊल आणला. दुकानदाराने वर रंगीत खडे दिले, दाण्यांची डबी दिली आणि म्हणाला, "गोल्डफिश बाऊलमध्येच ठेवतात ताई, आठवड्याला पाणी बदलायचं, झालं." झालं कसलं! पाचव्या दिवशी मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. आम्हाला वाटलं भूक लागली, म्हणून आणखी दाणे टाकले. सातव्या दिवशी सकाळी तो आडवा तरंगत होता. लेकीने शाळा बुडवली, मोगऱ्याच्या कुंडीत खड्डा केला आणि मला विचारलं, "आई, आपण काय चुकलो?"

मला उत्तर येत नव्हतं. ते ऑफिसात मिळालं, आमच्या मजल्यावरच्या शिपाईमामांकडून, ज्यांच्या लालबागच्या खोलीत म्हणे जिन्याखाली चार फुटी टाकी आहे आणि हे मला एवढ्या वर्षांत माहीतच नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, बाऊल केवढा? मी म्हटलं, चार-पाच लिटरचा. मामा शांतपणे म्हणाले, "मग ताई, तुम्ही त्याला त्याच्याच मुतात ठेवला होता."

मी त्या दिवशी जेवले नाही! म्हणजे डबा उघडला, पण एका हाताने फोनवर वाचत राहिले, आणि वाचता वाचता माझ्या डोक्यात दिवेच लागत गेले. मासा अमोनिया टाकतो, आणि तो बहुतेक सगळा कल्ल्यांतून, म्हणजे श्वासागणिक. गोल्डफिशला तर पोटच नाही! जठर म्हणतात ती पिशवीच त्याच्या शरीरात नाही. अन्न घशातून थेट आतड्यात, म्हणून तो सदा चरत असतो आणि सदा घाण करत असतो. दात आहेत, पण तोंडात नाहीत, घशात आहेत. तोंड उघडून तो वर येत होता ते भुकेने नव्हे, त्याला श्वास पुरत नव्हता. आणि आम्ही वरून दाणे टाकत होतो, म्हणजे विषात भरच.

मग लोकलमध्ये विंडो सीट मिळाली (ही स्वतंत्र बातमी आहे) आणि मी कल्याणपर्यंत पुढचं वाचलं. साधा, लांबट, एका शेपटीचा गोल्डफिश फूटभर वाढतो. फूटभर! हाताच्या पंजाहून मोठा मासा, आणि आपण त्याला लोणच्याच्या बरणीएवढ्या जागेत ठेवून म्हणतो की मासा भांड्याच्या मापाने वाढतो. तो वाढत नाही, खुंटतो. आयुष्य दहा-पंधरा वर्षं सहज. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश होता, १९५६ साली एका मुलाला जत्रेत बक्षीस मिळालेला, म्हणजे आमच्यासारखाच फुकटात आलेला. तो १९९९ साली मेला. त्रेचाळीस वर्षांचा होऊन. माझं वय त्रेचाळीस आहे! आमचा सात दिवसांचा.

बदलापूर गेलं तेव्हा मी टाकी करायचं ठरवून टाकलं होतं.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. मामांनी माप दिलं: गोलमटोल जातीचे दोन मासे, त्याहून एक जास्त नाही. ३६ गुणिले १५ गुणिले १८ इंच म्हणजे १५९ लिटर. वरून दीड इंच सोडलं तर १४५ च्या आसपास. तयार टाकी लोकलने आणणं शक्य नव्हतं, म्हणून खोपोलीत काचेचं काम करणाऱ्या एका दादांकडे गेले. खिडक्या, आरसे, शोकेस करणारे. ८ मिलिमीटरची काच, कडा घासलेल्या, काळं सिलिकॉन. जोडताना सगळ्या गाळ्यात व्हिनेगरचा वास भरला, चायनीजच्या गाडीपाशी येतो तसा. सिलिकॉन सुकताना तो वास सोडतं, आणि वास जाईपर्यंत पाणी भरायचं नाही, असं दादांनी बजावलं. आठवड्याने टाकी टेम्पोतून घरी आली. व्हरांड्यात ठेवून काठोकाठ भरली, खाली वर्तमानपत्रं पसरली, आणि एक अख्खा दिवस कागद कुठे ओला होतो का ते बघत बसलो. कागद कोरडे!

नवरा तोवर हसत होता. मग मी त्याला वजन सांगितलं. लिटरला एक किलो, म्हणजे पाणीच दीडशे किलोच्या जवळ, काच तीसेक किलो, वर रेती, लोखंडी स्टँड, दोनशेच्या पुढे. तो एकदम गंभीर झाला आणि समोरच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. स्टँडच्या एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवली, बुडबुडा बरोब्बर दोन रेघांच्या मध्ये आला, काचेखाली थर्माकोल अंथरला. उन्ह येणार नाही अशी भिंत शोधली. एवढ्या सोहळ्याने तर आम्ही गणपतीचं मखरही लावत नाही.

आणि मग पाणी. या भागावर माझा जीव आहे, जरा थांबून ऐका.

नळाचं पाणी कुठून येतं, हा प्रश्न मला कर्जतला लग्न होऊन आल्यापासून कधी पडला नव्हता. आता टाकीत काय ओततेय हे कळायला हवं म्हणून विचारलं. पेज नदीचं. बरं, पेज बारा महिने वाहते, एप्रिलमध्ये बाकीचे ओढे नुसते धोंडे होऊन पडलेले असताना वाहते, ती कशी? तर वर भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे, १९२२ पासूनचं; त्यातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं. आणि वीजघरात ते कुठून येतं? घाटावरून, मावळातून, आंद्रा नदीवर ठोकरवाडीला बांधलेल्या धरणातून, बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळत. आता ही आंद्रा आपल्या मनाने गेली असती तर इंद्रायणीला मिळाली असती, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि पाणी गेलं असतं बंगालच्या उपसागरात! ते वळून, चक्रं फिरवून, आमच्या नळाला येतं. रोज भिवपुरी रोड स्टेशन येतं, रोज मी तिथे पर्स आवरून उभी राहते, आणि त्या नावाचा माझ्या बादलीशी संबंध आहे हे मला एका मेलेल्या माशाने शिकवलं. खोपोलीकरांनो, तुमचीही गोष्ट हीच आहे. १९१५ चं वीजघर आणि पाताळगंगा. एकदा नळ उघडताना आठवून बघा.

मात्र हे पाणी नळातून थेट टाकीत ओतायचं नाही, कारण त्यात क्लोरीन. पावसाळ्यात नळाला टीसीएल पावडरचा जो भपकारा येतो, तोच. आपल्याला बरं, माशाच्या कल्ल्यांना जाळणारं. रात्रभर उघड्या पिंपात ठेवलं की बरंचसं उडून जातं. नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा हायपो! माझ्या मामाचा स्टुडिओ होता, त्याच्या काळोख्या खोलीतला तो डबा मला लख्ख आठवला.

तर टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, लेक म्हणाली, चला मासे आणू. आणि मी म्हणाले, नाही. पाच आठवड्यांनी.

कारण मामांनी सांगितलं होतं की नवी टाकी म्हणजे नवं शेत नव्हे, कातळ. त्यात अमोनिया खाणारे जिवाणू अजून वस्तीला यायचेत. ते आले की अमोनियाचं नायट्राइट होतं, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू येतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते थोडंफार असलं तरी मासा निभावतो. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने मातीतले हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. मी हे सगळं रविवारी जेवताना धाकट्या दिरांना सांगत होते, अगदी हातवारे करून. ते खालापूरकडच्या गावात भातशेती करतात. त्यांनी आमटी ओरपली आणि म्हणाले, "वहिनी, ताजं शेण कुणी रोपाला घालतं का? जळतं रोप. खत कुजू द्यावं लागतं. तेच की हे."

तेच की हे! मी भारावून बघतच राहिले. एवढं वाचून जे मला कळलं ते त्यांना उकिरड्यावरून माहीत होतं.

मग रोज रिकाम्या टाकीला मी चिमूटभर दाणे घालायला लागले. ते सडून अमोनिया होणार, तेवढ्यावर जिवाणू जगणार. आणि रोज रात्री काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात औषधाचे थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर हळदीच्या पाण्यासारखं पिवळं, असेल तर कैरीसारखं हिरवं. नायट्राइटचं वेगळं: नसेल तर आभाळी, असेल तर जांभळं. पहिला आठवडा सगळं पिवळं, आभाळी. मग हिरवं. मग गडद हिरवं. नवरा म्हणाला, वास येतोय का गं काहीतरी? मी म्हटलं, येऊ दे! बाराव्या दिवशी दुसऱ्या नळीत फिकी जांभळी छटा आली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली. त्यांना वाटलं बढती मिळाली.

तिसऱ्या आठवड्यात हिरवं ओसरायला लागलं होतं, आणि नेमका तेव्हा आमच्या घरातल्या सद्गृहस्थांनी, मला मदत म्हणून, फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली ब्रशने घासून लख्ख केला. पांढराशुभ्र! दोरीवर वाळत घातला! त्या तपकिरी चिकट घाणीतच माझे जिवाणू होते. वीस दिवसांची वस्ती मोरीत वाहून गेली. मी ओरडले नाही. मी नुसती खाली बसले. "अगं पण किती मळला होता," तो म्हणाला. तेव्हापासून फिल्टरवर कागद चिकटवलाय: हात लावू नये. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळायचा, तोही महिन्याकाठी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री एक नळी पिवळी, दुसरी आभाळी. दुसऱ्या रात्रीही. वर दाणे टाकले तरी चोवीस तासांत पुन्हा पिवळी, आभाळी. टाकीत पाणी होतं, आणि ते जिवंत होतं.

क्रॉफर्ड मार्केट माझ्या ऑफिसपासून चालत. मामा सोबत आले. त्यांनी मला उभं राहायला शिकवलं: आधी दहा मिनिटं काही न विकत घेता बघायचं. पंख मिटून कोपऱ्यात बसलेला नको, अंगावर साखरेचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके असलेला नको, एका कुशीवर पोहणारा नको. दुकानदाराने विचारलं, टाकी कधी लावली? मी म्हटलं, पाच आठवडे झाले. तो मामांकडे बघून हसला आणि पिशवी बांधताना पाणी थोडंच घेऊन वर ऑक्सिजन फुगेस्तोवर भरला. दोन मासे: एक पांढरीशुभ्र, कपाळावर लालभडक ठिपका असलेली ओरांडा, आणि एक काळा मखमली ब्लॅक मूर, बाहेर आलेल्या बटणासारख्या डोळ्यांचा.

आणि मग ती लोकल! सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर, दोन तास, लेडीज डबा, सव्वासहाची गर्दी, आणि माझ्या छातीशी दोन मासे. दादरला लोंढा आत आला तशी मी पिशवी डोक्यावर धरली. "अगं ए, काय आहे त्यात?" मासे आहेत, म्हटल्यावर जे झालं ते मी विसरणार नाही. चौथ्या सीटवरची उठली आणि मला जागा दिली! माझी रोजची बदलापूरची मैत्रीण पिशवी मांडीवर घेऊन बसली, ओढणीचा आडोसा करून. कुणी विचारलं खातात का हे, कुणी म्हणालं वास्तूला चांगले असतात, भाजी निवडणाऱ्या एका मावशींनी मटारचा दाणा सोलून पुढे केला. (हे अडाणीपणाचं वाटेल, पण उकडून साल काढलेला मटार गोल्डफिशला खरंच मानवतो. मावशींना कुठून ठाऊक!) मीही ऐकवून घेतलं सगळ्यांना: हे चीनचे, हजार वर्षांपूर्वी करड्या साध्या माशांत क्वचित निपजणारं केशरी पिल्लू लोकांनी वेगळं राखलं, त्याचे हे सगळे प्रकार. अंबरनाथपर्यंत डबा ऐकत होता.

घरी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, वीस मिनिटं, पाण्याचं आणि पिशवीचं तापमान एक होईस्तोवर. मग वाटीवाटीने टाकीचं पाणी आत, आणि शेवटी मासे हाताने अलगद सोडले, पिशवीतलं पाणी मोरीत. सासूबाई देवघरातून उठून आल्या. ओरांडाकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, हिने कुंकू लावलंय." तिचं नाव सवाशीण पडलं. दुसऱ्याचं डोळस, आणि गंमत म्हणजे एवढे डोळे असून त्याला दिसतं कमीच, दाणा नाकाशी आला तरी तो वासाने शोधतो.

तीन सेकंदांची स्मरणशक्ती म्हणतात ती शुद्ध थाप आहे. दांडी दाबली की खाणं मिळतं हे गोल्डफिश शिकतात आणि महिनोन्महिने लक्षात ठेवतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. पण मला प्रयोगाची काय गरज? मी दारात आले की सवाशीण काचेशी येऊन सबंध अंग हलवते, नवरा आला तर ढिम्म. स्पंज आठवत असेल. रेती तोंडात घेते, चघळते, थू करून टाकते, दिवसभर. तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी. मी हायड्रिलाची जुडी लावली, ती दोघांनी तीन दिवसांत फस्त केली. आता फक्त मनीप्लँटची मुळं पाण्यात सोडलीत, पानं वर. मुळं नायट्रेट ओढून घेतात आणि पानं अशी झालीत की शेजारीण फांदी मागायला आली. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नळीने ओढून काढते, ते मोगऱ्याला. त्याच कुंडीला.

मग आला एप्रिल. कर्जतचा उन्हाळा ज्याने भोगला नाही त्याला सांगून उपयोग नाही. मावळतीची भिंत रात्री दहाला हात लावू देत नाही. टाकीचं पाणी ३२ अंशांवर गेलं. गोल्डफिश थंड पाण्याचा जीव, आणि पाणी जेवढं तापतं तेवढा त्यात प्राणवायू कमी विरघळतो. सासूबाईंनी उपाय सांगितला: "माठाला काय करतो आपण? वारा लागू द्यायचा." झाकण काढून जाळी टाकली, टेबलफॅन पाण्यावर तिरका धरला. दोन-तीन अंश उतरले! पाणी रोज बोटभर आटायचं, ते भरायचं, एवढंच.

आणि जूनमधली ती रात्र. पहिला जोरदार पाऊस, विजांचा कडकडाट, आणि नऊ वाजता दिवे गेले. फिल्टर बंद, हवेचा पंप बंद. बॅटरीवरचा पंप मी "घेऊ घेऊ" म्हणत घेतला नव्हता. अकरा वाजता डोळस वर येऊन तोंड उघडायला लागला; ती उघडझाप मी ओळखते. मग मी स्टीलचा तांब्या घेतला, टाकीतलंच पाणी भरायचं आणि हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडायचं, म्हणजे हवा मिसळेल. वीस तांबे झाले की दहा मिनिटं विश्रांती. मग नवरा. मग लेक, झोपेतून उठून. मेणबत्तीच्या उजेडात मी ओतत होते आणि एकदम हसू आलं: ठोकरवाडीवरून कोसळताना ज्या पाण्याने वीज केली, ते आमच्या हॉलमध्ये विजेवाचून धापा टाकतंय. साडेतीनला दिवे आले. दोघं जिवंत!

सकाळी दिरांचा फोन. त्यांच्याकडे वलगण लागली होती, पहिल्या पावसाचे मासे ओहोळातून उलटे चढून खाचरांत आले होते, सगळं गाव टोपल्या घेऊन बांधावर. "वहिनी, तुमचे दोन सोडा की इथे, होतील बक्कळ." मी त्यांना तावातावाने सांगितलं की असं चुकूनही करायचं नाही, हे मासे बाहेर गेले की तळ ढवळतात, इथल्या माशांची अंडी खातात, नको झाले तरी उल्हास नदीत सोडायचे नाहीत, कुणाला तरी द्यायचे. ते म्हणाले, "थट्टा केली हो." आता त्यांच्या धाकट्याला टाकी हवी आहे.

हे लिहितानाच फोन वाजला. बदलापूरच्या मैत्रिणीचा. तिने अडीच फुटी टाकी लावली, आज अठरावा दिवस. दिव्याखाली धरलेल्या नळीचा फोटो आणि खाली प्रश्न: पिवळं म्हणायचं ना गं हे? लेक उद्या मासे आणू म्हणतेय.

मी फोटो मोठा करून बघितला. कडेला कैरीची छटा आहे.

"हिरवं आहे," मी लिहिलं. "थांब अजून."